माझीच गोळी, माझेच सासरे

उंद्रीपासून मेहकरपर्यंत आणि चिखलीपासून देऊळगाव राजापर्यंत असा एक डॉक्टर मला दाखवा, ज्याच्या पेनातून मी माझ्या कंपनीची गोळी लिहून घेतली नाही! दाखवाच! आहे हिंमत? नाही ना सापडत? सापडणारच नाही!

मी ज्ञानेश्वर. औषध कंपनीचा एमआर. म्हणजे दवाखान्यातल्या बाकड्यावर पेशंटच्या रांगेत टाय लावून बसलेला तो माणूस, ज्याला आत सोडलं की बाहेरचे सगळे एका सुरात म्हणतात, "हा कोण बे, मधातच घुसला!" आठ वर्षं मी बुलढाणा जिल्ह्यातला हा पट्टा मोटारसायकलवर पालथा घातलाय. डॉक्टरांच्या पोरांचे वाढदिवस मला पाठ. कोणाच्या पाण्याच्या मोटारीचा कोणता स्क्रू ढिला आहे, तेही पाठ. डॉक्टरला हरभऱ्याच्या झाडावर कसं चढवायचं आणि वर गेल्यावर खालून शिडी कशी काढून घ्यायची, हे माझ्याकडून शिकावं!

पण उंद्रीच्या डॉ. वैजनाथ पाठकांनी मला सव्वा वर्ष रडवलं. मी बोलायला लागलो की ते डोळे मिटायचे. मला वाटायचं, विचार करतायत. एकदा घोरले तेव्हा कळलं! तर हे पाठक डॉक्टर वर्षानुवर्षं 'सेफनीर' नावाची अँटिबायोटिकची गोळी लिहायचे. दहा गोळ्या शहाण्णव रुपये. आमच्या कंपनीची गोळी 'पोडोविराट'. दहा गोळ्या तीनशे बारा रुपये! आतलं औषध दोन्हीकडे एकच, सेफपोडॉक्झिम, दोनशे मिलिग्रॅम. हे शेवटचं वाक्य मी हळू आवाजात सांगतोय, कारण नोकरीचा प्रश्न आहे.

शेवटी एका सोमवारी मी ब्रह्मास्त्र काढलं. म्हणालो, "साहेब, स्वस्तातली गोळी पोटात नीट विरघळतच नाही! आत जाते तशी बाहेर येते!"

डॉक्टरांनी सव्वा वर्षात पहिल्यांदा दोन्ही डोळे उघडले. "असं?"

"अहो, आमच्या कारखान्याची क्वालिटीच वेगळी! मशीनपासून पाण्यापर्यंत सगळं वेगळं!"

कारखाना मी कधी पाहिला नव्हता. कंपनीच्या पुस्तिकेत फोटो होता, पांढरी इमारत आणि पुढे कारंजं. पण कारंज्यावरून माणसाला क्वालिटीचा अंदाज येतोच की!

आणि डॉक्टरांनी पोडोविराट लिहायला सुरुवात केली! पुण्याहून आमचे मॅनेजर गंधार सर यांचा फोन आला, "ब्रिलियंट, ज्ञानेश्वर! उंद्रीसारख्या ठिकाणी हे जमवलंस? मानलं तुला!" मी अर्धा किलो पेढे घेऊन चिखलीला घरी गेलो. बायकोनं, म्हणजे करिष्मानं विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "तुझ्या माहेरचा किल्ला सर केला!"

हो, उंद्री तिचं माहेर. ते त्या वेळी मला महत्त्वाचं वाटलं नाही. वाटायला हवं होतं!

चार दिवसांनी मी मेहकरला एका दवाखान्याच्या बाकड्यावर बसलो होतो, तर फोन वाजला. सासरे! निवृत्ती मामाजी.

"जवाईबापू, लुटलं! दिवसाढवळ्या लुटलं मले!"

मी ताडकन उभा राहिलो. "कोणी? कुठे? पोलिसात गेले का मामाजी?"

"पोलीस काय करते याच्यात? कागदावर लिहून लुटलं! वावरात कापलेल्या तुरीचं खुट पायात घुसलं होतं परवा. पाय सुजला. डॉक्टरकडे गेलो. सुई देल्ली, धुतलं, पट्टी केली, चाळीस रुपये घेतले. तिथपर्यंत माणूस चांगला! पण गोळ्या लिहिल्या, तर शंकरराव मेडिकलवाला म्हणते, तीनशे बारा रुपये! दहा गोळ्याइचे! दिवाळीत तुमच्या मामीजीचा गळा सुजला होता, तवा यानंच हेच औषध शहाण्णव रुपयात देल्लं होतं!"

मी बाकड्यावर परत बसलो. "हेच औषध कशावरून, मामाजी? नाव वेगळं असेल."

"नाव कोण पाह्यते बे! ... बे नाई, माफ करा जवाईबापू, तोंडातून गेलं. पण फवाऱ्याचं औषध आणाले गेलो का आमी काय पाह्यतो? डब्ब्यावर वाघ हाय का सिंह हाय, ते पाह्यतो का? टेक्निकल पाह्यतो, म्हंजे आतलं खरं औषध! खाली बारीक अक्षरात टेक्निकल लिहेल असते. तीस वर्षं तेच वाचून राह्यलो. दोन्ही पाकिटाचं टेक्निकल एकच हाय. टक्का बी एकच!"

झालं! मोठमोठ्या डिग्रीवाल्यांना जे कधी दिसलं नाही, ते कपाशीवर फवारणी करणाऱ्या माणसाला काउंटरवर उभ्या उभ्या दिसलं.

"महागाच्या गोळीचं नाव काय म्हणाले, मामाजी?" मी विचारलं. उत्तर माहीत होतं, पण माणूस आशेवर जगतो.

"पो... डो... वि... राट!"

माझा चेहरा त्या वेळी बैलगाडीच्या चाकाखाली आलेल्या वांग्यासारखा झाला असणार, कारण समोरच्या पेशंटनं मला उठून पाणी दिलं.

"मामाजी, तुम्ही चिंता करू नका. माझ्याकडे आहेत गोळ्या. फुकट आणून देतो!"

"फुकट नाई पाह्यजे! न्याय पाह्यजे! मी शंकररावच्या दुकानाच्या पायरीवर बसेल हाय. जाब भेटत नाई तवापर्यंत गोळी तोंडात घालणार नाई, आन् इथून उठणार नाई. तुमी औषधाच्या लाईनीतले साहेब. तुमी या. डॉक्टरले दोघं मिळून धरू!"

फोन बंद. लगेच दुसरा वाजला. करिष्मा!

"अहो, आईचा फोन होता. बाबाले ताप हाय! आन् गोळी घेऊन नाई राह्यले! ते पोडोविराट म्हणजे तुमचंच ना?"

"हळू बोल!"

"मी घरात एकटी हाय! तुमचंच ना?"

"हो."

"मंग सांगून टाका त्याइले!"

"काय सांगू? लग्न जमवताना तुझ्या मामानं काय सांगितलं होतं, आठवतं का? पोरगा औषध कंपनीत मोठा साहेब आहे! कोणती दवाई बाजारात जाईल ते तोच पास करतो! तुझ्या बाबांनी ते अख्ख्या उंद्रीला सांगितलंय. आता त्यांना सांगू, की मी टाय लावून डॉक्टरच्या दारात बसतो?"

करिष्मा म्हणाली, "संध्याकाळपर्यंत बाबाच्या पोटात गोळी गेली नाई, तर तुमी घरी येऊ नका!"

मोटारसायकल मी कशी हाकली, मलाच ठाऊक. रस्ताभर मनात भाषणं तयार करत होतो. एक खरं बोलण्याचं, एक खोटं बोलण्याचं, आणि एक वेळ पडली तर बेशुद्ध पडण्याचं.

उंद्रीच्या स्टँडजवळ शंकररावांचं मेडिकल. पायरीवर मामाजी बसलेले, जखमी पाय समोरच्या स्टुलावर. पाय शेगावच्या कचोरीसारखा फुगला होता! डोळे तापानं लाल. भोवती दहा-बारा माणसं. मी टाय काढून खिशात कोंबला, बॅग मोटारसायकलला लटकवून ठेवली आणि पुढे झालो.

"आले! आमचे जवाई आले!" मामाजींनी हात वर केला. "आता पाहा! हे कंपनीत दवाया पास करतात!"

काउंटरमागून शंकररावांनी मान बाहेर काढली. शंकरराव मला एमआर म्हणून चांगले ओळखतात; कोणाचा जवाई, ते मी कधी सांगितलं नव्हतं, आणि सासरे वावरात असायचे तेव्हाच मी गावात यायचो. महिन्यातून दोनदा मी त्यांच्याकडे चहा पितो. ते आनंदानं ओरडले, "अरे, साहेब! बरं झालं आले! हे तुमच्याच..."

मी डोळा मारला. शंकरराव थांबले. मी पुन्हा मारला. मग दोन्ही डोळे मिचकावले, भुवया उडवल्या, ओठ दाबला.

"डोळ्यात काई गेलं का?" शंकररावांनी काळजीनं विचारलं. "ड्रॉप देऊ? सत्तर रुपयेवाला देऊ का बावीस रुपयेवाला?"

"पाह्यलं!" मामाजी गरजले. "डोळ्याच्या पाण्यातबी हेच! तिथंबी दोन भाव!"

गर्दीतून "हाव ना!" असा होकार उमटला. मी चपळाईनं काउंटरच्या आत शिरलो आणि शंकररावांचा हात दाबला. तेवढ्यानं त्यांना सगळं समजलं. आता त्यांचे डोळे मिचकायला लागले, पण हसू दाबण्यासाठी.

"मामाजी," मी पायरीवर त्यांच्याजवळ बसलो, "एवढी काय बात आहे? स्वस्तातली घ्या. दोन्ही सारख्याच असतात."

"सारख्या असतात?"

"सारख्याच!"

"मंग डॉक्टरनं महाग काऊन लिहिली?"

"ते... क्वालिटीचा थोडा फरक असतो."

"म्हंजे सस्ती खराब हाय?"

"खराब नाही."

"मंग महाग चांगली हाय?"

"चांगलीच आहे!"

"मंग मी सस्ती काऊन घेऊ? आन् सस्ती चांगली असन, तर लोकाइनं महाग काऊन घ्यावं? नेमकं सांगा, जवाईबापू!"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! आठ वर्षं मी डॉक्टरांच्या शंका चुटकीसरशी मोडल्या, आणि इथे तुरीच्या खुटानं जखमी झालेला माणूस मला चार प्रश्नांत चारी मुंड्या चीत करत होता. शंकररावांनी तोंडाला रुमाल लावला.

"शंकररावभाऊ," मी म्हणालो, "तुम्ही सेफनीर देऊन टाका ना!"

"चिठ्ठीवर जे हाय तेच देणार, साहेब. सोताच्या मनानं बदलता येत नाई. डॉक्टरची सही लागते." माणूस नियमानं बरोबर होता, म्हणून जास्तच राग आला.

"माह्या एकट्यापुरतं बदलून पाह्यजेच नाई!" मामाजी म्हणाले. "मी बदलून घेईन. पण उद्या तो रामभाऊ येईन, परवा ती जनकाबाई येईन, त्याइले कोण बदलून देईन? दोन्ही पाकिटं दाखवा, शंकरराव. भिंगबी द्या. मले पाहू द्या बनवते कोण!"

"बनवणारे अर्थातच वेगळे!" माझ्या तोंडून गेलं. हे मात्र मी मनापासून बोललो, कारण यावर माझा विश्वास होता. पांढरी इमारत! कारंजं! "अहो मामाजी, महागाच्या गोळीचा कारखानाच निराळा असतो! मशीनपासून पाण्यापर्यंत!"

मामाजींनी भिंग डोळ्याला लावलं. लेबल वाचायची त्यांची पद्धत मोठी शांत. ओठ हलवत, बोट ठेवत, अक्षर न् अक्षर. सेफनीरचं पाकीट वाचलं. पोडोविराटचं वाचलं. पुन्हा सेफनीरचं वाचलं. मग दोन्ही पाकिटं आणि भिंग माझ्या हातात दिलं.

"वाचा, जवाईबापू. माही नजर कमजोर असन."

मी वाचलं. विकणाऱ्या कंपन्या दोन होत्या, खऱ्या. पण खाली, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात, बनवणाऱ्याचा पत्ता होता. हिमाचलातलं एकच गाव. एकच औद्योगिक वसाहत. प्लॉट नंबर एक्केचाळीस. दुसऱ्या पाकिटावर प्लॉट नंबर एक्केचाळीस! लायसनचा नंबरही तोच! मी भिंग पुसलं. एक्केचाळीस. पाकीट उलटं धरलं. तरी एक्केचाळीसच!

खरं सांगतो, मला धक्का बसला. नाटक नव्हतं ते. आठ वर्षं मी ज्या क्वालिटीच्या नावानं गळा कोरडा केला, ती क्वालिटी आणि तिची स्वस्त बहीण एकाच छताखाली, कदाचित एकाच मशीनवर, एका पाठोपाठ एक जन्माला येत होत्या! सकाळी शहाण्णववाली, दुपारी तीनशे बारावाली! आणि मला कोणी सांगितलंच नाही!

"एकच हाय ना?" मामाजींनी विचारलं.

"एकच आहे." मी भिंग खाली ठेवलं.

गर्दीतून कोणीतरी म्हणालं, "अरे बापरे." आणि मामाजी माझ्या खांद्याला धरून उभे राहिले. "चला. डॉक्टरकडे!"

दवाखाना पन्नास पावलांवर. पण मामाजी एका पायावर, मी त्यांच्या काखेत, मागे दहा-बारा माणसं. रस्त्यातली आणखी पाच-सहा जोडली गेली. दारापर्यंत पोचेस्तोवर आमचा मोर्चा झाला होता! मी खिशातला रुमाल काढून नाकातोंडावर बांधला.

डॉ. पाठकांनी वर पाहिलं आणि रुमालासकट मला ओळखलं. "अरे, तुम्ही? आज तर तुमचा वार नाही..."

"नमस्कार, डॉक्टरसाहेब!" मी ओरडलो. "मी यांचा जवाई!"

"जवाई?" डॉक्टरांनी मामाजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा मामाजींकडे पाहिलं. आणि सव्वा वर्षात न पाहिलेली गोष्ट मला दिसली. डॉक्टर हसले!

मामाजी खुर्चीत बसले. दारात गर्दी, खिडकीत गर्दी. "डॉक्टरसाहेब, तुमी देवमाणूस. चाळीस रुपयात तपासता. गरिबाले तेबी सोडता. मंग ही गोळी तीनशे बाराची काऊन लिहिली? दिवाळीत तर शहाण्णवची लिहिली होती!"

डॉक्टरांनी चष्मा काढला. "निवृत्तीभाऊ, एक एमआर येतो. सव्वा वर्षापासून येतो. गोड बोलतो. तो म्हणाला, स्वस्तातली गोळी पोटात विरघळतच नाही."

"विरघळत नाई? मंग माही बायको काय देवाच्या कृपेनं बरी झाली? कोण हाय तो? नाव सांगा त्याचं!"

"नाव ना?" डॉक्टर माझ्याकडे वळले. "काय हो जवाईबापू, सांगू का नाव?"

काय करू? सर्वांत मोठ्यानं ओरडावं, एवढंच सुचलं. "अशा माणसाला सोडता कामा नये!" मी टेबलावर हात आपटला. "गोरगरिबांना फसवतो! गावबंदी करायला पाहिजे अशाला!"

"करायलाच पाह्यजे!" खिडकीतून आवाज आला.

"गाढवावरून धिंड काढायला पाहिजे!" आता मी थांबूच शकत नव्हतो.

"हाव! हाव!" टाळ्या पडल्या! मामाजींची छाती अभिमानानं फुगली. डॉक्टरांनी हनुवटी छातीत खुपसली होती आणि त्यांचे खांदे हलत होते.

पण तेवढ्यात मामाजींचेही खांदे हलायला लागले. ते हसत नव्हते. थंडी वाजून कापत होते. दात कडाकडा वाजत होते. डॉक्टरांचं हसू पुसलं गेलं. त्यांनी थर्मामीटर लावला, पट्टी सोडून पाय पाहिला. घोट्याच्या वर लाल रेघ चढायला लागली होती.

"निवृत्तीभाऊ, ताप एकशे दोन आहे. भांडण मागून करू. आधी गोळी. ही चिठ्ठी घ्या, मी स्वस्तातली लिहून देतो."

"नाई! माह्यापुरतं नाई पाह्यजे! तो माणूस माह्यासमोर आणा. त्याच्या तोंडून ऐकीन, मंगच गोळी घेईन!"

"पाय हातचा जाईल!"

"जाऊ द्या!"

मी त्या पायाकडे पाहिलं. या पायांनी हा माणूस करिष्माच्या लग्नात आठ दिवस अनवाणी पळाला होता. आणि आता तो पाय माझ्या कारंज्यापायी सडत होता. मी तोंडावरचा रुमाल काढला. खिशातून टाय काढला आणि गळ्यात घातला. का घातला, माहीत नाही. बहुतेक गुन्हा कबूल करताना गणवेश असावा, असं वाटलं असेल.

"मामाजी," मी म्हणालो, "तो माणूस मीच आहे."

खिडकीतल्या माना आणखी आत आल्या.

"मी मोठा साहेब वगैरे काही नाही. एमआर आहे. बॅग घेऊन दारोदार फिरतो. पोडोविराट माझ्याच कंपनीची. विरघळत नाही, हे डॉक्टरांना मीच सांगितलं. खोटं सांगितलं. शिक्षा काय द्यायची ती द्या, पण गोळी घ्या!"

मामाजींनी माझा टाय पाहिला. त्यांचे डोळे भरून आले. मी गाल पुढे केला. आता थप्पड येणार!

त्यांनी मला मिठी मारली!

"पाह्यलं, डॉक्टरसाहेब?" ते गर्दीकडे वळून रडक्या आवाजात म्हणाले. "याले म्हणतात जवाई! सासऱ्यानं गोळी घ्यावी म्हणून दुसऱ्याचं पाप सोताच्या अंगावर घेऊन राह्यला!"

"नाही हो, मामाजी! खरंच मीच!"

"बस्स, बस्स! आता एक शब्द बोलू नका!"

"निवृत्तीभाऊ," डॉक्टर म्हणाले, "ते खरं बोलतायत. हेच येतात माझ्याकडे."

"तुमीबी? तो भामटा कोण्या मोठ्या घरचा असन, म्हणून माह्या भोळ्या जवायले पुढं करून राह्यले का?"

मी घाईघाईनं पाकिटातून माझं कार्ड काढलं. पुरावा! मामाजींनी बोट ठेवून वाचलं, "वै-द्य-की-य प्रति-निधी." मग कार्ड सगळ्यांना दिसेल असं वर धरलं. "प्रतिनिधी! आमदार कोण असते? लोकप्रतिनिधी! खासदार कोण असते? लोकप्रतिनिधी! हे वैद्यकीयचे हायेत! एवढ्या मोठ्या पदावरचा माणूस बॅग घेऊन फिरन का?"

"नाई फिरनार!" खिडकीनं निर्वाळा दिला.

मी हात टेकले. डॉक्टरांनीही टेकले. मामाजींनी डोळे पुसले आणि म्हणाले, "जवायानं माह्यासाठी एवढं केलं, आता मी अडून बसलो तर माणूस नाई. द्या ती गोळी!"

डॉक्टरांनी चिठ्ठीवर ब्रँडचं नाव खोडून नुसतं औषधाचं नाव लिहिलं. शंकररावांनी धावत सेफनीर आणून दिली. मामाजींनी गटकन गोळी गिळली आणि बाहेर टाळ्या पडल्या. डॉक्टरांनी वर एक इंजेक्शन टोचलं आणि बजावलं की बरं वाटलं तरी गोळ्या मधेच सोडायच्या नाहीत, आणि लाल रेघ गुडघ्याकडे सरकली तर तडक बुलढाण्याला.

गर्दी पांगल्यावर मी दोन्ही पाकिटं डॉक्टरांपुढे ठेवली. त्यांनी एक्केचाळीस नंबर वाचला. मग दुसऱ्या पाकिटावरचा वाचला.

"साहेब, मलाही माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"तुम्हाला माहीत नव्हतं," ते म्हणाले, "आणि मी पाकीट उलटून पाहिलं नाही. जा आता. सासऱ्यांना घरी न्या."

पाच दिवस मी रोज सकाळ-संध्याकाळ फोन करून विचारत होतो, गोळी घेतली का? लाल रेघ दुसऱ्या दिवशी उतरली. सहाव्या दिवशी मामाजी वावरात होते. जीव भांड्यात पडला! वाटलं, संपलं एकदाचं!

संपतं कसलं! मामीजी, म्हणजे माझ्या सासूबाई तानुबाई, त्यांनी फोनवर सांगितलं की पारावर आता माझीच गोष्ट चालते. जवायानं डॉक्टरले टेबलावर हात आपटून धरलं! गाढवावरून धिंड काढतो म्हणला! डॉक्टर थरथर कापला! (ते हसत होते, पण हे कोणाला सांगणार?) माझा नंबर सगळ्या गावात वाटला गेला. दुसऱ्या दिवसापासून माझ्या फोनवर चिठ्ठ्यांचे फोटो यायला लागले. 'जवाईबापू, याच्यात सस्तं कोणतं?' 'साहेब, टेक्निकल पाहून सांगा.' दिवसाला तीस-तीस! उंद्रीची झाली, आजूबाजूच्या गावांची सुरू झाली. कोणाचा खोकला, कोणाचं गळू, आणि एकानं तर म्हशीच्या कासेची चिठ्ठी पाठवली! निम्म्या चिठ्ठ्यांवर आमच्याच कंपनीच्या गोळ्या असतात. मी सगळ्यांना एकच लिहितो, डॉक्टरांना विचारा की यातलंच औषध स्वस्तात लिहून देता का. लिहावंच लागतं, करिष्मा शेजारी बसून वाचत असते!

आणि महिनाअखेरीला गंधार सरांचा फोन आला.

"ज्ञानेश्वर, काय चाललंय तुझ्या एरियात? उंद्रीत पोडोविराट शून्य! शू-न्य! आजूबाजूची चार गावंही झोपली. पुण्यात मला तोंड दाखवायला जागा नाही!"

"सर, मार्केट थोडं..."

"मार्केट-बिर्केट काही नाही! तिथे कोणीतरी आपल्याविरुद्ध पद्धतशीर काम करतंय. जबरदस्त माणूस दिसतोय. लोक त्याचं ऐकतात! तो कोण आहे, कुठल्या कंपनीचा, काय बोलतो, सगळं शोधून काढ आणि मला लेखी रिपोर्ट पाठव. आणि ऐक, जमलं तर त्याला आपल्याकडे ओढ. पगार दीडपट देऊ!"

आज तीन आठवडे झाले. रिपोर्टचा फॉर्म समोर आहे. पहिल्याच रकान्यात त्या माणसाचं पूर्ण नाव आणि पत्ता विचारलाय. मी पेन टेकवतो आणि उचलतो.

करिष्मा म्हणते, "लिहून टाका ना! दीडपट पगार काऊन सोडता?"